डावं तिच्या कानात, उजवं माझ्या

तरोडा, नांदेड
सोमवार, दुपार

श्री. शेषेराव यांस,

देविदासचा रामराम. तुमच्या भगिनी गिरणीत दळण घेऊन गेल्या आहेत, तेव्हा त्यांचा नमस्कार मीच कळवतो. इकडं सगळे धडधाकट आहोत. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? त्या मालिशवाल्याकडं अजून जाता की सोडलं? म्हैस विकली असं ऐकलं. बरं केलंत किंवा वाईट केलंत, यातलं जे तुम्हाला वाटत असेल त्याला माझा पाठिंबा आहे. फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण पुढं येईलच. सध्या एवढंच सांगतो की आमच्या घरात फोनवर बोललेलं कुणाकुणाला ऐकू जातं हे मला पक्कं माहीत झालं आहे, आणि त्यामानानं पोस्टाचं पाकीट बरं.

मला कमी ऐकू येतं हे तुम्ही जाणताच. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आयुष्य गेलं, त्यात कान गेले. सिंधुचे का गेले ते सांगता येत नाही (तिच्या मते माझ्याशी ओरडून बोलून, डॉक्टर म्हणाले असं होत नसतं, पण तिला ते ऐकू आलं नाही). गेली काही वर्षं आमचं बोलणं असं चालायचं की मी विचारावं भाजी काय केली, तिनं सांगावं चावी खिळ्याला आहे, आणि दोघांनी समाधानानं मान हलवावी. भांडणं आपोआप बंद पडली होती. गल्लीत आमची जोडी फार समजूतदार म्हणून सांगत. पण एकदा आम्ही दोघं घरात असताना गॅसवाला दार वाजवून वाजवून सिलिंडर परत घेऊन गेला, आणि आमच्या बालाजीनं ते मनावर घेतलं. (बियाणांच्या कंपनीत लागल्यापासून तो कोणताही निर्णय उभ्याउभ्याच घेतो.) त्यानं मला वजिराबादेतल्या एका कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं काचेच्या खोलीत बसवून टीं वाजलं की बोट वर करायला सांगतात. मी अंदाजानंच बोट वर करत होतो, ते त्यांच्या लक्षात आलं.

मशीन म्हणजे वालाच्या दाण्याएवढं. डाव्या कानाचं एक, उजव्याचं एक, अशी जोडी, आणि दोन्हींत ब्लूटूथ. म्हणजे फोनमधला आवाज तारेशिवाय थेट कानात येतो. मात्र जवळच्या जवळ, साधारण एका घराएवढ्या अंतरात. माणूस त्यापलीकडं गेला की तुटतं. (डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मशीन अजून डबीत होतं, म्हणून बालाजीनं घरी येऊन सगळं परत सांगितलं.) आता माझा फोन बटणांचा, त्याला असले प्रकार कळत नाहीत. मशिनाचा आवाज कमीजास्त करायला स्मार्टफोन लागतो. तेव्हा बालाजीनं ती जोडी स्वतःच्या फोनला जोडून टाकली, आणि तो कामाला निघून गेला.

मी दोन्ही कानांत घालून बसलो होतो. सिंधुनं डावं काढून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि स्वतःच्या कानात घातलं. तशी ती बराच वेळ छताकडं पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "हा पंखा रोज असाच वाजतो का?" मी म्हटलं, हाव. त्या दिवसापासून डावं तिच्याकडं, उजवं माझ्याकडं. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, आणि आता ते आम्हाला ऐकू आलं असतं. पहिल्या आठवड्यात आमची तुंबलेली सगळी भांडणं निघाली. तुमच्याकडच्या लग्नात मी जेवताना काय म्हणालो होतो, इथपासून. दुसरा त्रास म्हणजे मशिनात एक बाई आहे. फोन जवळ आला की ती इंग्रजीत 'कनेक्टेड' म्हणते, लांब गेला की 'डिस्कनेक्टेड'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सिंधुनं मला विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझ्याही कानात तीच आहे. तिला हे उत्तर आवडलं नाही.

पहिला फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. उजव्या कानात एकदम कुणी म्हणालं, "धर्माबादहून बोलून राहिलो, मिरचीचं काय करायचं?" मी आरशात पाहिलं, मी एकटाच होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सिंधु म्हणाली, "घरची हाय मिरची, नको आम्हाला." तिला वाटलं दारावर कुणी विकायला आलं. तर कानातला माणूस म्हणाला, "वहिनी, साहेबांना द्या की फोन." म्हणजे आम्ही बोललेलंही तिकडं जात होतं. आतल्या खोलीत बालाजी फोन कानाला लावून हॅलो हॅलो करत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं, कारण जे यायचं ते सगळं आमच्या कानांत येऊन बसलं होतं. शेवटी तो तणतणत गच्चीवर गेला. गच्चीपर्यंत ब्लूटूथ पोचत नाही, तेव्हा तिथं फोन नीट चालला. त्यावरून त्यानं असं ठरवलं की घरात रेंजच नाही. त्यानं सिमकार्ड बदललं, कंपनीच्या ऑफिसात जाऊन भांडून आला, आणि महत्त्वाचं बोलणं असलं की जिना चढायची सवय लावून घेतली. आम्ही त्याला काही सांगितलं नाही. एक तर नेमकं काय होतंय हे कळायला आम्हालाच वेळ लागला, आणि कळलं तोवर आमचा वेळ बरा जाऊ लागला होता. बियाणांचा धंदा मला आता बराच समजतो.

हे असंच चाललं असतं. मागच्या रविवारी मी गॅलरीत पेपर वाचत होतो, सिंधु स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, सूनबाई तनुजा बाजारात गेली होती आणि बालाजी पलंगावर लोळत पडला होता. लातूरहून आमच्या अंबिकेचा फोन आला. तुम्हाला माहीत आहे, तिची बाळंतपणाची रजा संपत आली, शाळेत परत रुजू व्हायचंय, आणि शिवांश अजून रांगतही नाही. बालाजी सवयीप्रमाणे हॅलो हॅलो करू लागला. अंबिकेचं लहानपणापासून असं आहे की समोरच्यानं ऐकावं एवढीच तिची अपेक्षा असते, उत्तराची ती वाट पाहत नाही.

ती म्हणाली, "दादा, आवाज तुटून राहिला, पण तू ऐक. आपलं ठरलं तसंच करू. आईला पुढच्या महिन्यात माझ्याकडं पाठव, बाबा तुझ्याकडं राहू दे. बाबांना इथं करमायचं न्हाई, अन् जागाबी न्हाई. आईला दोन महिन्यांसाठी म्हणून सांग, मग राहते ती."

'आपलं ठरलं तसं' म्हणाली, म्हणजे आधीच ठरलं होतं. कुठं ठरलं, तर गच्चीवर, हे मला लगेच कळलं. घरभर आम्ही कान लावून बसलो होतो आणि आमच्याबद्दलचं तेवढं बोलणं आमच्या डोक्यावर, स्लॅबच्या वर होत होतं. मी पेपर तसाच धरून ठेवला. वाटलं, आता तरी ठेवेल फोन. पण ती पुढं म्हणाली, "लई फरक पडायचा न्हाई रे त्यांना. तसंही एकमेकांचं ऐकू येत न्हाई. दिवसभर बोलतात तरी कुठं?"

शेषेराव, मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. अंबिकेची अडचण खरी आहे. बालाजीनं तिला हो म्हटलं तेही भाऊ म्हणूनच. शांतपणे विचार केला तर वाटणी रास्तच होती, दोन ठिकाणं आणि दोन नग. पार्सल ऑफिसात मी रोज हेच करत होतो. फक्त जोडीचा माल असला तर आम्ही दोन्ही नगांवर 'सोबत पाठवावे' असं लिहायचो, आणि इथं ते लिहायला कुणाला सुचलं नाही. तेव्हा मी पेपरची घडी घातली आणि ऑफिसात हमालांशी बोलायचो तशा थंड आवाजात म्हणालो की अंबिका, मी बाबा बोलतोय, तुझी आई माझ्याशिवाय कुठं येणार नाही आणि मी तिच्याशिवाय कुठं राहणार नाही, बाकी तू सांगशील ते करू. तिकडून नुसतं शिवांशचं रडणं ऐकू येत होतं. बालाजी गॅलरीत आला आणि मला विचारू लागला, कुणाशी बोलताय? अंबिकेशी, असं सांगितल्यावर त्यानं हातातल्या फोनकडं पाहिलं, मग माझ्या कानाकडं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईच्या कानाकडं. शेवटी खाली फरशीवरच बसला.

पुढं जे झालं ते सगळ्या चांगल्या घरांत होतं तसंच. अंबिका फोनवर रडली, बालाजी मान खाली घालून बसला, तनुजा बाजारातून आल्यावर तिला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. कुणी कुठं जाणार नाही असं ठरलं. अंबिकेनं शाळेजवळचं एक पाळणाघर पाहिलंय, बरं आहे म्हणते. बालाजीनं ब्लूटूथ तोडू का असं विचारलं. मी म्हटलं, तुझी मर्जी. आता तोडावं तर आईबापावर राग धरला असं दिसायचं, म्हणून ते तसंच आहे. पण तेव्हापासून घरात फार सभ्यपणा आलाय. फोन वाजला की बालाजी आधी आमच्याकडं बघतो आणि मग जिना चढतो. तनुजा तर आता माहेरच्यांशीही मेसेज लिहूनच बोलते. चहा द्यायचा असला तरी ती समोर येऊन, तोंडाकडं बघून, एकेक शब्द सुटा करून विचारते. मुलांनी आम्हाला दुखावलं नाही, उलट जपून ठेवलंय. पाहुण्यांना ठेवतात तसं. असो. तुमच्याकडं पाऊसपाणी कसं काय? वहिनींच्या वर्षश्राद्धाला येणं झालं नाही, त्याचं वाईट वाटतं. गुडघा गरम पाण्यानं शेकत जा.

तुमचा
देविदास

ता. क. तुमच्या घराच्या वरच्या मजल्यावर ते मास्तर राहायचे, ते बदली होऊन गेले असं कानावर आलं. खोल्या दुसऱ्या कुणाला दिल्या का? नसतील दिल्या तर कुणाला देऊ नका. तुमचं अहमदपूर नांदेडहूनही जवळ पडतं आणि लातूरहूनही, म्हणजे बालाजी आणि अंबिका यांपैकी कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. मास्तर द्यायचे तेवढं भाडं आम्ही देऊ. नको म्हणालात तर येणार नाही.

आणखी एक ता. क. हे आम्ही सुचवलं असं मुलांना कळायला नको. तुम्हीच आठवड्याभरात बालाजीला फोन करा, आणि वहिनी गेल्यापासून घर खायला उठतं, दाजी आणि सिंधु काही दिवस येऊन राहतील का, असं आपल्या मनानं विचारा. फोन शक्यतो सकाळी तो घरात असताना करा. तो गच्चीवर पोचायच्या आत तुम्ही पहिली दोन वाक्यं बोललात तर आम्हालाही ऐकायला मिळतील.

दादाला नमस्कार. सिंधु लिहिते. दळण घेऊन आले तर हे पाकिटाला डिंक लावून राहिले होते, म्हणून घेऊन वाचलं. अंबिकाला हे काहीबी बोलले न्हाईत. ती 'बोलतात तरी कुठं' म्हणाली तसं ह्यांनी मशीन कानातून काढलं अन् सदऱ्याच्या खिशात घालून नुसते बसले. मेथी टाकून मी बोलले. वर लिहिलंय ते माझं बोलणं हाय. नंतर ह्यांनी विचारलं म्हणून सगळं सांगितलं, तर त्यांनी आपलं करून लिहिलं. लिहू दे. तू फोन मात्र नक्की कर. अन् वर दोन खोल्या मोकळ्या नसल्या तर एक असली तरी चालंल.