यादीतलं एकेचाळिसावं जेवण

शुक्रवार, २९ ऑगस्ट २०२५

आले बाई एकदाची. लंडनचं पिनर सोडताना वहिनी रडली, मी नाही. बावीस वर्षं तिच्या ओट्यावर डबे भरले, आता माझं स्वतःचं किचन आहे. नॉटिंगहॅमपासून बसनं पाऊण तासावर हे गाव. जुन्या चर्चच्या हॉलमध्ये सहा शेगड्या, दोन ओव्हन आणि माझ्याएवढा फ्रीज. वरच्या दोन खोल्या माझ्या. सकाळी खिडकीतून ऊन थेट कणकेच्या परातीत पडतं. छान वाटतंय, उगाच खोटं कशाला बोलू.

टेंडर आम्ही जिंकलो. काम कौन्सिलचं. गावात एकट्या राहणाऱ्या एकेचाळीस म्हाताऱ्या माणसांना रोज दुपारी गरम जेवण पोचवायचं, तीन वर्षं. फॉर्म भरला माझ्या भाचीनं, ईशितानं. ती इथंच जन्मलेली, ऑफिसात असलेच कागद बघते. मराठीत मात्र ‘माझा भाजी करपला’ म्हणते. मी चौथी शिकलेली. मी बोलत गेले, ती इंग्लिशमध्ये उतरवत गेली. चौदा प्रश्न! शेवटचा होता, तुमच्या कंपनीचं वेगळेपण काय. तोवर माझं डोकं उठलं होतं. म्हटलं, लिही की आमच्यात बाई शेवटी जेवते. यादीतलं शेवटचं माणूस ‘पोट भरलं’ म्हणेपर्यंत मालकीण अन्नाला शिवणार नाही, आणि ते शेवटचं ताट ती स्वतः नेईल.

त्या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. ईशिता म्हणाली, आत्या, यू नेल्ड इट.

वहीही तिनंच दिली. रोज काय झालं ते लिही, कौन्सिल कधीही विचारतं, म्हणाली.

सोमवार, १ सप्टेंबर

पहिला दिवस निभावला. आधीच्या कंपनीची मॉरीन कायद्यानं माझ्याकडे आलीय. कंपनी बदलली की जुनीची माणसं नवीला घ्यावीच लागतात म्हणे. बासष्टची आहे, हात चालतो. मला ‘डक’ म्हणते. मी म्हटलं, बदक असशील तू. खो खो हसली. इथं सगळ्यांनाच डक म्हणतात, मग कळलं. अजून आधीच्या कंपनीचाच निळा एप्रन घालते. नवे शिवून येईपर्यंत घाल म्हटलं.

ती मॅश-मटार करते, मी खिचडी आणि मऊ वरणभात. चाळीस ताटं तिनं आणि व्हॅनवाल्या हरीशनं वाटली. एकेचाळिसावं माझं. मिसेस पास्क, मिल लेनच्या टोकाचा बंगला. मॉरीन म्हणाली, तिथं मालकीणच जायची, आम्ही कुणी नाही. म्हटलं, बरं.

दार वीतभर उघडलं. आतून एक हात आला, काटकुळा, स्वच्छ. ताट घेतलं. मी पायरीवर थांबले. पाच मिनिटांत ताट परत, चाटूनपुसून लख्ख. आणि आतून आवाज आला, मला अजून मिळालं नाही.

म्हातारपणी होतं असं. माझी आजी जेवून उठायची आणि सून उपाशी मारते म्हणून गावभर सांगायची. गाडीत एक जादा ताट होतं, ते दिलं. तेही लख्ख. आणि परत तेच वाक्य.

घरी येऊन भात कालवला. घास गिळवला नाही. दमले असेन.

मंगळवार, २ सप्टेंबर

कालचंच. तीन ताटं नेली, तिन्ही गेली. अजून मिळालं नाही, म्हणते. चिडून नाही, अगदी नम्रपणे. थँक यू सुद्धा म्हणते.

मला पाणी जातं, कोरा चहा जातो. बाकी काही घशाखाली उतरत नाही. तोंडात घास फिरतो, चव लागते, आणि गळ्याशी दार लागल्यासारखं होतं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

जीपीकडे, इथल्या डॉक्टरणीकडे गेले. घशात टॉर्च मारून बघितलं, बीपी घेतलं. सगळं नॉर्मल. वय विचारलं, त्रेपन्न म्हटल्यावर मेनोपॉज म्हणाली. यांना दुसरा शब्द येत नाही.

पँटला सेफ्टी पिन लावली. मॉरीन माझ्याकडे बघते आणि मान वळवते. आज तिला धरलंच. आधीची मालकीण का गेली? म्हणाली, लिन शेवटी शेवटी मिल लेनवरून उशिरा यायला लागली. मग एक दिवस आलीच नाही.

हे मी टेंडर भरायच्या आधी विचारायला हवं होतं. आधीचा का गेला, हा पहिला प्रश्न. ईशिता म्हणाली, आत्या, प्रश्न विचारायला दोन आठवडे दिले होते, आपण एकही पाठवला नाही. ‘आपण’ कसलं, मीच नको म्हटलं होतं. प्रश्न विचारले तर अडाणी समजतील म्हणून.

रविवार, ७ सप्टेंबर

बारालाच मिल लेनचं उरकलं, पाच ताटं, आणि ट्रेन धरून पिनरला गेले. म्हटलं, हवा बदलली की उतरेल घास. वहिनीनं पुरणपोळी केली होती. तुपाची धार. तोंडात घातली, रडू आलं, थुंकावी लागली. वहिनी म्हणाली, नजर लागलीय, मोठं कॉन्ट्रॅक्ट मिळालं ना. मीठमोहऱ्या ओवाळून गॅसवर टाकल्या. फायर अलार्म वाजला. शेजारचा धावत आला. सगळे हसलो.

संध्याकाळी परत आले. भाऊ राहा म्हणत होता. पण मी नाही गेले तर ती जेवणार नाही, आणि ती नाही तर मी नाही. इतकं गणित चौथीतलीलाही येतं.

बुधवार, १० सप्टेंबर

कौन्सिलच्या साहेबाला जाऊन भेटले. ईशिता फोनवर. म्हटलं, ते एकेचाळिसावं नाव काढा. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं. मिल लेनचा तो बंगला सहा वर्षं रिकामा आहे, वीजसुद्धा तोडलीय, म्हणाला. मग यादीत कसं? तर म्हणे यादी आधीच्या कॉन्ट्रॅक्टमधून आली, आणि त्यात त्याच्या आधीच्यातून. नाव काढायचं तर त्या व्यक्तीनं स्वतः सांगावं लागतं, पुरे म्हणून.

सोडते म्हटलं काम. सहा महिन्यांची नोटीस. सहा महिने! मला सहा दिवस निघत नाहीत.

जाताना साहेब कौतुकानं म्हणाला, या गावच्या टेंडरला माणसं फार मनापासून लिहितात. आधीच्या बाईंनीही सुंदर लिहिलं होतं. शेवटच्या माणसाला आम्ही कधीच एकटं ठेवणार नाही, सोबत बसू. त्यांनाही पूर्ण मार्क होते.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आठ ताटं. आज दार जास्त उघडं होतं. दुपारचं ऊन आत पडलं होतं, सगळं दिसलं.

टेबल. मिसेस पास्क पाठमोरी. आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत एक बाई बसलेली. निळा एप्रन. मॉरीनचा आहे तसाच.

हात मांडीवर. हलत नव्हती. डोळे मात्र माझ्याकडे.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मॉरीनला सांगितलं. तिनं हातातला पळा खाली ठेवला. केस कसे होते, विचारलं. आखूड, पांढरे, कानात मोती. मॉरीन खालीच बसली. लिन, म्हणाली. मग कोट घेतला आणि गेली. सोमवारपासून येणार नाही म्हणून निरोप आला.

पोलिसांना फोन केला. दोघं आले, बंगला उघडून बघितला. रिकामा, धूळ, म्हणाले. मला चहा घ्यायला सांगितला. त्यातला एक माझ्या काडी झालेल्या मनगटाकडे बघत होता.

सोमवार, १५ सप्टेंबर

उभं राहवत नाही. स्वयंपाक हरीश करतो, बटाटे कच्चे राहतात.

ईशिता कळवळली. रात्रभर जागून तिनं सगळे कागद वाचले, मागची जोडपत्रंसुद्धा, जी आम्ही सही करताना उलटलीही नव्हती. एकात लिहिलंय, आधीच्या कंपनीनं कबूल केलेलं जे अपुरं राहिलं असेल, ते नव्या कंपनीकडे येतं. आत्या, म्हणजे काय ग, विचारत होती. मी म्हटलं, मला काय विचारतेस, ऑफिसात तू आहेस.

म्हटलं, लिनचं लिनपाशी. माझं मी बघते.

जो कुणी हे वाचेल त्यानं ऐकावं. टेंडरमध्ये शोभेचं वाक्य लिहू नका. लिहाल ते पुरं करून घेतात.

मंगळवार, १६ सप्टेंबर, सकाळ

ठरवलं. पोट भरलं म्हणायची नाही ती. मग मी माझा शब्दच मोडते. तिच्यासमोर बसून, तिच्या आधी जेवते. बघू कोण अडवतं.

एकच ताट. वरणभात, तूप, लिंबू. वही घेतलीय. नंतर ‘काय झालं’ विचारतील.

त्याच दिवशी, दुपारी १२.१०

आत आहे. दार उघडंच होतं.

ऊन आहे. घड्याळ बंद. मिसेस पास्क समोर — चेहरा नीट दिसत नाही, ऊन मागून येतं. लिन शेजारी. मान हलवते. नाही, नाही, म्हणून. सारखी.

तिसरी खुर्ची ओढून घेतली. बसले.

मिसेस पास्क काही मागत नाही. पहिल्यांदाच.

भात कालवला — उजव्या हाताचा घास, डाव्या हातानं लिहितेय, वेडंवाकडं —

तोंडात —

उतरला. उतरला ग बाई! गरम. मीठ बरोबर पडलंय. दुसरा. तिसरा.

लिन उठली.

खुर्ची वाजली. गुडघे धरून उठली, रडतेय. गाठ सोडली एप्रनची. माझ्या मांडीवर ठेवला. सॉरी डक, म्हणाली. थांब म्हटलं, मी पण येते, संपलंच माझं —

ती बाहेर. उन्हात. वळून बघत नाही.

ताट संपलं. उठते. —

पाय —

उठते आहे, पण खुर्चीवरून —

मिसेस पास्कनं हात धरलाय. थंड नाही. ऊबदार आहे. म्हणतेय, बरं झालं, सोबतीला आता तुम्ही —