मातीच्या घरातली दुपार

नांदेड,
१२ मे २०१६

चि. लुंबिनीस,
आईचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा बरा आहे, कुरकुर तेवढी चालू आहे. अर्धापूरहून केळीचा घड आला होता, तो सगळा एकदम पिकला. घरात शिकरणाशिवाय दुसरं काही नाही. तुझा फोन आला की मी तो बाबांच्या हातात देते, हे बरं नाही असं ते म्हणतात. म्हणून पत्र. फोनवर मला मधेच राग येतो, कागदावर जरा कमी येतो.

तुझा निरोप मिळाला. लातूरला स्वतःचं घर बांधणार, आम्ही दोघांनी तिथं राहायला यावं, आणि घर मातीचंच असणार.

उत्तर देण्याआधी एक सांगते. परवा मी लातूरला जाऊन आले. शेजारच्या सरोजिनीबाईंच्या नातीला डॉक्टरकीच्या क्लासला घालायचं होतं, त्यांच्या सोबतीला गेले. तू त्या दिवशी औरंगाबादला आहेस, हे बाबांकडून काढून घेऊनच एसटीत बसले. हसू नकोस.

काय ते लातूर! डोळे उघडवेनात असं ऊन. जिकडे तिकडे क्लासच्या पाट्या, त्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आणि त्याच पाट्यांखाली टँकरची वाट बघत रांगेत ठेवलेल्या घागरी. प्यायचं पाणी रेल्वेनं येतंय. आम्ही दोन-तीन हॉस्टेलं पाहिली. वर स्लॅब तापलेला, कूलर कोरडे पडलेले. बिचाऱ्या पोरी ओले टॉवेल डोक्यावर घेऊन पाठांतर करत होत्या.

शेवटचं हॉस्टेल तू बांधलेलं, मातीचं होतं. मला पत्ता माहीत नव्हता असं सांगितलं तर ते खोटं होईल.

मी फाटकाशीच थांबले. सरोजिनीबाई नातीला घेऊन आत गेल्या. तिथली वॉर्डन नागम्मा, निलंग्याकडची, बाहेर येऊन म्हणाली, "आत या की ओ बाई, लई ऊन हाय."

"मातीच्या घरात मी जात नाही."

"मी बी भूकंपातलीच हाय. पैले पैले म्या बी भाईर फाटकापाशीच झोपून राहिले होते. चला." आणि मी कोण, कुठली काही न विचारता हात धरून तिनं मला आत नेलं.

पोरी, काय सांगू तुला! उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि ऊन मागेच राहिलं. कूलर नाही, वर पंखा सावकाश फिरतोय, आणि एवढ्या पोरी खाली मान घालून निवांत अभ्यास करताहेत. मागच्या अंगणात त्यांच्याच आंघोळीच्या पाण्यावर वाढलेला शेवगा आणि कडुनिंब. अख्ख्या गल्लीत हिरवं असं तेवढंच. मी भिंतीला तळवा लावला. गार! मग वेड्यासारखी सगळ्या भिंतींना हात लावत सुटले. जोत्याशी, दारांच्या वर, छपराखाली, हादऱ्यात भिंती धरून ठेवणारे सिमेंटचे पट्टे आहेत का, तेही शोधून पाहिलं. भूकंपानंतर इंजिनिअर लोकांनी आम्हाला तेवढं शिकवलंय. सगळे होते.

माती एवढी मायाळू असते? आणि हे माझ्या पोटच्या पोरीनं उभं केलं? अख्खं शहर असं बांधता येईल का गं? मी खरंच विचारतेय.

भिंतीशी बसले, तिथंच कुशीवर कलंडले आणि चक्क झोपले. घोरत होते, असं नागम्मा म्हणते. परतीची एसटी चुकली. भूकंपापासून आजवर मी कुठल्याही घरात दाराकडे तोंड केल्याशिवाय झोपलेली नाही, आणि तिथं भिंतीकडे तोंड करून झोपले.

तुझ्या ताईबद्दल मी तुला कधी काही सांगितलं नाही. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी माझी नोकरी कंधारला होती. तू लहान, म्हणून माझ्याजवळ. ती गावी आजीजवळ. आम्ही पोचलो तेव्हा घर नव्हतं, दगडमातीचा ढिगारा होता. मी हातांनी उपसत होते, बाबांनी ओढून बाजूला नेलं. तिचं तोंडसुद्धा मला बघू दिलं नाही. तेव्हापासून मी घरात कुणाला तिचं नाव काढू दिलं नाही. तू मातीच्या घराचा नकाशा माझ्यापुढे पसरलास, तेव्हा मला फक्त तो ढिगारा दिसला.

परवा त्या भिंतीशी बसल्यावर मात्र मला ती दिसली. ढिगाऱ्याखालची नव्हे. अंगणात चिखल कालवून चूल करणारी, कोपरापर्यंत माखलेली, हाक मारली तरी न येणारी. तुझ्यासारखीच हट्टी होती गं.

घर बांध. मातीचंच बांध. आम्ही दोघं येतो. फक्त विटा पाडायच्या आधी मला कळव. गावात आपल्या घराची जागा अजून तशीच मोकळी आहे. तिथली पाटीभर माती मी स्वतः घेऊन येणार आहे, ती तुझ्या मातीत कालवायची. यशोधराचं ते घर होतं.

तुम्हा दोघींची,
आई