दुसऱ्या मुंडणाचा खुलासा

कुसगाव,
बुधवार, १० डिसेंबर २०२५

तीर्थरूप मामांच्या पायांवर रोहिदासचा माथा.

तुमच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. शालूमामींचा खोकला कमी झाला का? टाकव्यात भात झोडून झाला असेल. फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं आणि मला कमी बोलता येतं, म्हणून पत्र लिहितो.

मी दुसऱ्यांदा मुंडण केल्याचं तुमच्या कानावर गेलं, आणि आता कोण गेलं, असं तुम्ही बाजारात चार जणांना विचारलंत, असं समजलं. कोणीही गेलेलं नाही. ऑक्टोबरात दादाचे दिवस झाले, त्यानंतर घरातले सगळे आहेत. खुलासा सविस्तर करतो, कारण थोडक्यात सांगितलं तर तुम्ही रागवाल. (सविस्तर सांगूनही रागवाल, पण जरा उशिरा.)

सैन्यातून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यापासून दादा तालुक्यातल्या अकरा जखमी जवानांना आपल्या जुन्या गाडीतून पुण्याच्या दवाखान्यात नेत असे. कोणाला नवा पाय बसवायचा, कोणाचा बसवलेला टोचतो, कोणाच्या पाठीत अजून लोखंड आहे. दादा गेला आणि पंधरा दिवसांत गाडीनंही मान टाकली. त्या सगळ्यांचं जाणं बंद पडलं. नाईक चाँदभाईंची मांडी कृत्रिम पायानं सोलून निघाली होती, तरी विचारलं की म्हणत, "बगू पुढल्या महिन्यात." म्हणून चाकाच्या खुर्चीसकट माणूस आत घेता येईल अशी गाडी घ्यायची आणि त्यासाठी निधीचा कार्यक्रम करायचा, असं अनितावहिनींनी आणि मी ठरवलं. मंगल कार्यालयाचे शेठ रविवारची सकाळ फुकट द्यायला तयार झाले. अट एकच, मोठे पुढारी आले पाहिजेत. पुढारी नसतील तर पैसे देणारे कशाला येतील, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

तालुक्यात मोठे पुढारी तीन, दोन साहेब आणि एक ताई. नावं लिहीत नाही. तुम्ही आलटूनपालटून तिघांनाही मत दिलेलं आहे. पहिल्या साहेबांच्या तळेगावच्या ऑफिसात गेलो तेव्हा त्यांचा सहायक प्रज्ञेश एका माणसाला समजावत होता. त्याच्यापुढे दोन वह्या होत्या. लाल वहीत उद्घाटनं, लग्नं, सत्कार. काळ्या वहीत दहावे. "लाल वहीतलं जमलं तर जमलं," तो म्हणाला, "पण काळ्यातलं चुकत नाही. वीस वर्षांत साहेबांचा एक दहावा चुकलेला नाही." मला हे ऐकून फार आदर वाटला. तेवढ्यात माझा नंबर लागला. मी म्हणालो, "कुसगाव, तेवीस तारखेच्या रविवारी सकाळी आठ. जखमी जवानांसाठी." प्रज्ञेशनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. (दादाच्या दहाव्याला काढलेले केस अजून नीट आले नव्हते.) तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि हळू आवाजात विचारलं, "किती जण?" मी म्हणालो, "अकरा." त्यानं कपाळाला हात लावला आणि काळी वही पुढे ओढली.

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. चहा प्यायलो आणि आलो.

इथवर ती चूक होती. पुढच्या दोन ऑफिसांचा दोष मात्र माझा. आठवडाभरात केस बोटभर नाही पण दिसण्याइतके आले, म्हणून विक्कीच्या दुकानात जाऊन बसलो. तो म्हणाला, "काका, आता कोण?" मी म्हणालो, "कोणी नाही." त्यानं डोकं गुळगुळीत केलं आणि पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या साहेबांकडे आणि ताईंकडे मी तेच वाक्य बोललो. मामा, एक शब्द खोटा नाही. ताईंनी तर पदर डोळ्याला लावला.

रविवारी आठला दहा कमी असताना तिघांच्या गाड्या दारात उभ्या होत्या. तालुक्यात कोणी पुढारी वेळेआधी आलेला मी या आधी पाहिला नव्हता. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही साहेब एकाच सतरंजीवर मांडी घालून बसले. हार नाही, शाल नाही, नारळ नाही, घोषणा नाही. एका कार्यकर्त्यानं दाराशी बसलेल्या चाँदभाईंना विचारलं, "कावळा शिवला का?" ते म्हणाले, "कावळा कशाला? आमीच बसलोय की पोह्यांवर."

मागे फ्लेक्सवर अकरा जणांचे वर्दीतले फोटो होते. पहिले साहेब उठले, फ्लेक्सला हात जोडले आणि बोलू लागले. मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पण असं नाही. ज्यांना कधी पाहिलं नाही अशा माणसांच्या आठवणीनं त्यांनी खरोखर दोनदा चष्मा पुसला. मग फोटोखालची नावं त्यांनी एकेक करून वाचली. चौथं नाव आलं, "नाईक चाँदभाई मुलाणी." सैन्यातली सवय जात नाही. चाँदभाई कुबडीवर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हजर, साहेब."

साहेबांनी चाँदभाईंकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग प्रज्ञेशकडे. (प्रज्ञेश बाहेर गेला.) पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "आणि म्हणूनच मी म्हणतो, असे जवान कधी जात नसतात." पुढची सात नावं त्यांनी त्याच आवाजात वाचली आणि सातही जण "हजर" म्हणाले. मामा, मी थक्क झालो. माणसाच्या अंगी एवढी ताकद असते. अकरावं नाव झालं तरी मी उगाच बाराव्या नावाची वाट बघत राहिलो. दादाच्या खऱ्या दहाव्याला मी पत्रावळी मोजत होतो, डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते इथं आलं.

दहाव्याला देणगी जाहीर करायची रीत आहे, ती पहिल्या साहेबांनी पाळली. गाडी देतो म्हणाले. मग दुसरे साहेब खुर्ची चढवायच्या मागच्या उताराचं आणि विम्याचं बोलले, ताईंनी वर्षभराचं डिझेल घेतलं. दहाव्याला दिलेला शब्द आपल्याकडे कोणी फिरवत नाही, आणि तो दहावा होता का, हा विषय कोणी काढला नाही. निघताना चाँदभाई साहेबांना म्हणाले, "लय चांगलं बोलला. आता आमच्या माघारी यायची तसदी नको." साहेब मनापासून हसले.

झालं ते असं. दोष माझा, तो पदरात घ्यावा.

तुमचा भाचा,
रोहिदास

ता. क. वह्यांची गोष्ट वहिनींना त्याच संध्याकाळी सांगितली. दादा गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणून तुम्ही रागावलात तरी चालेल.

ता. क. २. पत्राचं खरं कारण वेगळं आहे. गाडी परवा आली. ड्रायव्हर कोणीच देणगीत दिलेला नाही, आणि चाँदभाईंची तपासणी पुढच्या मंगळवारपलीकडे लांबवता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तो एक मंगळवार तुमचा ओंकार गाडी चालवायला द्या. त्यापुढचं मी बघतो. एसटीतून निवृत्त झाल्यावर तुम्ही दादाला लष्करी सवयी सोडून नीट गाडी चालवायला शिकवलंत, तसं मला बावन्नाव्या वर्षी शिकवाल का? गिअर कुठला ते सुद्धा मला माहीत नाही. ओरडलात तरी चालेल, मी उलट बोलणार नाही.

ता. क. ३. काल संध्याकाळी चावी घेऊन एकटाच गाडीत जाऊन बसलो. अर्धा तास बसलो. मग लक्षात आलं की सवयीनं शेजारच्या सीटवर बसलोय.