चिखलाला पक्षविरहित रंग मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, जनसंपर्क विभाग,
नगरपालिका, यानारुमी, एक्वादोर.

विषय : ब्राउझरमधील चिखललोंढ्याच्या दृश्यास रंग मंजूर करणेबाबत.
संदर्भ : १) माझे यापूर्वीचे पाच अर्ज. २) आपला जिन्यात दिलेला तोंडी आदेश.

महोदय,

मी ज्वालामुखी निरीक्षण कक्षात तंत्रज्ञ आहे. डोंगर तापून माथ्यावरचे बर्फ वितळले, तर चिखल कोणत्या वाटेने येईल याचे गणित मांडून ते दृश्य मी कोड लिहून ब्राउझरमध्ये दाखवतो. माउसने डोंगर फिरवून कोणालाही आपले घर शोधता येते. नदीकाठच्या बासष्ट कुटुंबांनी ते पाहून वरच्या शाळेत हलावे, एवढाच त्याचा उपयोग.

१. प्रथम चिखल लाल होता. लाल हा माजी महापौरांच्या पक्षाचा रंग, आणि निवडणूक तोंडावर. "अहो इंजिनिअर, त्यांचा पक्ष गावभर पसरलेला दाखवताय होय?" असे आपले शब्द होते.

२. मी तो हिरवा केला. विद्यमान महापौरांनी बाकांपासून कचरापेट्यांपर्यंत सारे हिरवे रंगवले असताना हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. चूक मान्य आहे.

३. निळा, जांभळा आणि नारिंगी या रंगांचे उमेदवार मागाहून उभे राहिले. तपकिरी कोणाचाच नव्हता, परंतु डोंगरही तपकिरीच असल्याने लोंढा दिसेना. कोडमधील रंगाची ओळ बदलण्यास अर्धे मिनिट लागते. मंजुरीत नऊ आठवडे गेले.

४. अखेर "रंगच काढून टाका" या आपल्या आदेशानुसार सोमवारपासून बाजारचौकातील पडद्यावर पारदर्शक लोंढा वाहत आहे. गाद्या आणि घरी पाळलेल्या गिनीपिगांचे पिंजरे घेऊन शाळेकडे निघालेली एकोणीस कुटुंबे तिथे थांबली, आपापली घरे कोरडी पाहून परत गेली. उकडलेला मका विकणाऱ्या सोइलाबाई म्हणाल्या, "सरकारच दाखवतंय काही येत नाही, मग मी कशाला पिंजरे वाहू बाबा?"

५. तेव्हापासून मी पडद्याशेजारी उभा राहून लोंढ्याची वाट बोटाने दाखवतो. काल आपल्या पहारेकऱ्याने विचारले, "बोटाला मंजुरी आहे का?" नव्हती.

या आठवड्यात डोंगराचे हादरे दुप्पट झाले आहेत. लोंढा वस्तीत पोचायला अडतीस मिनिटे लागतील. अर्जावरील निर्णयाची मुदत पंधरा कामकाजाचे दिवस आहे, याची मला कल्पना आहे. तरी कोणताही एक रंग द्यावा. न जमल्यास मतदान होईपर्यंत माझ्या बोटास तात्पुरती परवानगी असावी.

आपला, चौकात उभा असलेला,
हेर्मान चिलुइसा
दि. १३ मार्च

सोबत : रंगांचे नमुने, सात. (पैकी एक कोरा.)