तुमचा पंप मी ठेवून घेतला

बाबा, तुमच्या गाडीला मी हात लावला, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही असतात तर लावू दिला नसतात. तुम्ही गेल्यापासून ती मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या आणि अंडी काढायला गेलेली आई बोनेटवर एक थाप मारल्याशिवाय परत यायची नाही. दिवाळीनंतर एकदा जेवताना ती म्हणाली, "माझ्या भावाला एकदा ही गाडी दाखवायची होती गो. तुझ्या बापसानं जल्मभर लोकांना फिरवलं, मला काय माहेरी न्हेलं न्हाय." तिचं म्हणणं खरं होतं. रेवसच्या धक्क्याला लाँचमधून उतरलेली माणसं गाडीत मांडीला मांडी लावून कोंबायची आणि अलिबागला सोडायची, यात तुमचा दिवस जायचा. तिचं माहेर खाडीपलीकडं, दिघीच्या पुढं. तेव्हा आगरदांड्याला गाडी चढवता येईल अशी बोट नव्हती आणि खाडीला वळसा घालून जायचं तर धंदा बुडायचा. दर वर्षी तुम्ही म्हणायचात, पुढच्या वर्षी नक्की. आता गाड्या नेणारी फेरीबोट आहे, म्हणून मी तिला म्हटलं, चल, मी नेते.

पण होती तशी गाडी नेणं शक्य नव्हतं. आईला आता ऊन सोसत नाही, दम लागतो, म्हणजे एसी हवा. माझा खांदा ऑपरेशननंतर अजून धड वर होत नाही, आणि तुमचं ते स्टिअरिंग! रेड्याची शिंगं धरून त्याला वळवावं तसं तुम्ही ते वळवायचात. तेव्हा पॉवर स्टिअरिंगही हवं. तुमच्या इंजिनाला पुढून एकच जाड पट्टा होता. तो पंखा, पाण्याचा पंप आणि डायनमो फिरवायचा, बस्स. आपल्या गावातले मेस्त्री, जे हल्ली जुन्या गाड्याच करतात, ते वाकून बघून म्हणाले, "ताई, येवढ्या सगळ्याला वेगळे पट्टे घालायला जागा न्हाय. एकच लांब पट्टा टाकू, नव्या गाड्यांना असतो तसा, नागमोडी." मला ते पटलं. न्हावा शेव्याला आमच्या यार्डात कंटेनर उचलणारी यंत्रं आहेत, त्यांना तसाच पट्टा असतो. आतून उभ्या रेघांचा, पाठीला गुळगुळीत, एका पुलीवरून आतल्या अंगानं तर दुसरीवरून पाठीनं वळसे घेत सगळं फिरवणारा. इतकी वर्षं मी त्यांची दुरुस्ती करते आहे. मला कोण शिकवणार?

तुमच्या पुल्या एकेक करून निघाल्या. डायनमो गेला, पंखा गेला, त्याच्या जागी विजेचा आला. तुम्ही मला पट्टा ताणायला शिकवलंत तो दिवस आठवला. मी शहाणपणा करून तो तारेसारखा घट्ट केला होता आणि तुम्ही सगळ्या उतारूंसमोर ओरडला होतात, "घट्ट म्हंजे चांगला व्हय? अंगठ्यानं दाबून बघ, थोडा दबाय पायजे! बेरिंग खाशील त्याचं!" उतारू हसले होते, मी रडले होते, आणि संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी चकचकीत पान्यांचा संच आणून ठेवला होतात. ते पाने अजून वापरते. आता नव्या पट्ट्याला अंगठा लागतच नाही, त्याचा ताण एक स्प्रिंगवाली पुली आपोआप सांभाळते. ती बसवताना मला वाटलं, हळूहळू मी तुम्हालाच या गाडीतून खाली उतरवते आहे.

मग उरला तो पाण्याचा पंप. तो तुम्ही तुमच्या शेवटच्या वर्षी स्वतः नवं बेरिंग घालून भरला होता, आपल्या स्वयंपाकघरात. मला अजून दिसतं ते. आईच्या भाताच्या टोपात बेरिंग आत बसावं म्हणून पंपाचं लोखंड उकळत ठेवलंय, तुम्ही चुलीपुढं उकिडवे बसलायत, आणि आई दारात उभी राहून तुमच्या सात पिढ्या काढते आहे. टोप गेला तो गेला, पण पंप असा बसला की तुम्ही त्याची पुली बोटानं फिरवून मला ऐकायला लावलीत. "आवाज येतो काय? न्हाय ना? हा माझ्यामागं बी चालंल." मेस्त्री म्हणाले, "पट्ट्याबरोबर पंप बी नवाच घेऊ." मी म्हटलं, नाही, हा एवढा राहू दे. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आम्ही त्याच्यावर नवी पुली चढवली आणि जागा नव्हती म्हणून पट्टा तिच्यावरून पाठीनं वळवला. इंजिन चालू झालं, एसीची गार हवा आली, मेस्त्रींनी नारळ फोडला. गावातून फेऱ्या मारल्या, काही झालं नाही.

माहेरी निघालो त्या दिवशी काशीदच्या अलीकडच्या चढावर इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा वर सरकायला लागला. मी तो बघितला, बाबा. बघितला आणि सोडून दिला, कारण तुमच्या गाडीचा काटा कायमचा थापाड्या. आई शेजारी नवं लुगडं नेसून बसली होती आणि भावाला काय काय सांगायचं ते मला सांगत होती. वर पोचेपर्यंत बोनेटच्या फटींतून वाफ आली, मग टक्कन आवाज झाला आणि गाडी थांबली. आई एका टपरीच्या बाकड्यावर बसून राहिली. शहाळं हातात दिलं तर प्यायली नाही. शेवटी आम्ही रिक्षानं आगरदांड्याला गेलो आणि पिशव्या सांभाळत पायी बोटीत चढलो. पलीकडं धक्क्यावर मामा काठी टेकत उभा, त्याच्यामागं सुना, नातवंडं, गाडीला ओवाळायला आरतीचं ताट. सगळ्यांची नजर आमच्यावरून मागं, गाडी कुठं दिसते का बघायला. आईनं मान खाली घातली. ते मला बघवलं नाही आणि मी मोठ्यानं बोलून गेले, "बाबांनी इंजिन आतून काही राखलंच नव्हतं. पार कुजलेलं होतं." मामा म्हणाला, "व्हय, तो तसाच. सगळ्याचं व्हईल व्हईल करायचा." तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकते.

मेस्त्रींनी गाडी टेम्पोवर घालून आणली, इंजिन उघडलं आणि मला बोलावलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाला, हेडला, आरपार तडा. आत ना गंज, ना गाळ. पाण्याच्या वाटा स्वच्छ. मग त्यांनी पट्टा हातानं फिरवून दाखवला आणि मी पंपाच्या पुलीवर बोट ठेवलं. पाठीनं वळवलेल्या पट्ट्यावर तुमचा पंप उलटा फिरत होता. पाणी ढकलतच होता, पण कसंबसं; सपाटीला निभावलं, चढावर नाही. असा पट्टा घालायचा तर उलट्या दिशेचा पंप लागतो, हे यार्डात मी नव्या पोरांना शिकवते. तुमचा म्हणून मी तो ठेवला आणि तुमचा म्हणूनच त्याच्याकडं यंत्र म्हणून बघायचं विसरले. बाबा, तुमचं इंजिन मी मारलं. लाज वाटते मला, आणि तेवढ्यावर ते भागलेलं नाही.

कारण आईला मी हे सांगितलेलं नाही. ती तुमच्या फोटोशी रोज बोलायची, आज भाजीला काय, कोण वारलं, कोणाचं लग्न ठरलं. माहेरहून आल्यापासून ती त्याच्याकडं ढुंकून बघत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, "माझ्या भावाच्या दारात नाक कापलंस." मला वाटलं मला म्हणते आहे, वळून बघितलं तर ती तुम्हाला म्हणत होती. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. उद्या सांगू, हेड मिळालं की सांगू, असं करत राहिले. हे लिहायला बसले तेही आधी तुम्हाला सांगितलं की तिला सांगायचा धीर येईल म्हणून.

मघाशी ती इथं आली. माझ्या खांद्यावर हात टेकवून फोटोपुढं गेली आणि पदरानं काच पुसली. "जाऊ दे," ती तुम्हाला म्हणाली, "गाडीच होती. तुझ्या मनात काय वाईट नव्हतं, म्हाईत हाय मला. माफ केलं तुला." आणि मला म्हणाली, "तू बी कर गो."

मी म्हटलं, "केलं."