बेन्नीचेट्टनचं बंद खातं

८ जानेवारी, त्रिशूर
आले एकदाची! तंकम टीचरनी दारातच हात धरून आत नेलं, पुट्टु-कडला पोटभर खायला घातलं. टीचर जन्मापासून दृष्टिहीन. फोनवरचं मल्याळम मोठ्यानं वाचून दाखवणारा आमचा प्रोग्राम त्यांच्याच हट्टातून झालेला. फुकट, कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा. घडवला बेन्नीचेट्टननं; चेट्टन म्हणजे इथला दादा. आता मी त्याच्या हाताखाली. सगळा कोड एका परदेशी कंपनीच्या साइटवर असतो. दुसरीकडे ठेवलाय का, विचारलं, तर चेट्टन हसला. "नसीला, समुद्र आटेल म्हणून कुणी घागरी भरून ठेवतं का?"

१९ जानेवारी
साइटनं चेट्टनचं खातं बंद केलं. कारण दिलं नाही. तक्रारीला उत्तर आलं, या नावाचं कुणी आमच्याकडे कधीच नव्हतं. त्याच्या इतक्या वर्षांच्या कामापुढे नावाची जागा आता कोरी आहे.

२३ जानेवारी
लोकांच्या फोनवर नवं अपडेट गेलं. आम्ही पाठवलेलं नाही. टीचरना वाटतं, चेट्टननंच रागाच्या भरात केलं. चेट्टन मला म्हणाला, "तू आलीस आणि हे सुरू झालं." चहा अर्धा टाकून गेला. मलाही त्याचाच संशय येतोय.

२६ जानेवारी
डॉक्टरांचा मेसेज टीचरच्या फोननं वाचला: दोन गोळ्या. मी डोळ्यांनी वाचला: अर्धी. गोळ्या त्यांच्या तळहातावर होत्या, मी हिसकावल्या. कोड ओळ न् ओळ तपासला. चूक कुठेच नाही. म्हणजे हा आवाज जाणूनबुजून —

२७ जानेवारी
साइटवरून सगळा कोड उतरवून घ्यायला गेले. फोल्डर रिकामं आलं. चेट्टनच्या लॅपटॉपवरची प्रतही साइटला जोडलेली. आमच्या डोळ्यांदेखत पुसली गेली. चेट्टन लहान मुलासारखा रडला. आणि मी याच्यावर —

२८ जानेवारी
सगळ्यांना मेसेज धाडला, प्रोग्राम काढून टाका. टीचरचा फोन आला. आभार मानत होत्या! "मोळे, पोरी, तुझा मेसेज ऐकला. घेतलं हो नवं अपडेट." मी असं लिहिलंच नव्हतं.

दुपार
माझं खातंही बंद. या नावाचं कुणी कधीच —

टीचरच्या दारात. कडी आतून. चेट्टन खांद्यानं धक्के देतोय. मी लिहून ठेवतेय, उद्या आमचं नाव कुठेच नसलं तर —

आत फोन बोलतोय. माझ्या आवाजात. टीचरनी विचारलं, बाहेर कोण आहे? फोन म्हणाला, कुणी नाही. औषधाची वेळ झाली.

मी ओरडतेय. टीचर, मी इथे — आत पाण्याचा पेला उचलल्याचा —