गोबरगॅसचं विरजण

१५ डिसेंबर
थंडी वाढली. गोबरगॅसचा ड्रम पार खाली बसला. शेगडी नुसती फुरफुरते, चहासुद्धा होत नाही. संपत म्हणाला, "दादा, संक्रांत झाली की जेसीबी येतोय. खड्डा बुजवून टाकू, उसाचा ट्रेलर वळवाया जागा हुईल. घरात सिलेंडर हाय की." पोराचं म्हणणं चूक नाही. पण त्याची आई डोळ्यांच्या ऑपरेशनला बारामतीला, लेकीकडे, मंगलकडे. तिच्या माघारी तिचा गॅस बुजवायचा? तिला काय सांगू.

१७ डिसेंबर
मंगलने गच्चीवरचा जुना सोलर बंब टेम्पोतून पाठवला. जावई फोनवर म्हणाले, कोमट पाण्यात शेण कालवा, थंडीतही गॅस होतो. गोठ्याच्या पत्र्यावर बसवून घेतला. दुपारी नळाखाली हात धरला तर पोळला. नुसत्या उन्हावर!

१९ डिसेंबर
कोमट सांगितलंय. पण गारठा केवढा. कोमटाने काय होणार? रोज कडकच ओततोय.

२५ डिसेंबर
गॅस बंद. काडी लावली, काडीच जळाली. टाकीला आंबूस वास. संपत आला, बघितलं, आणि ट्रेलरची जागा पावलांनी मोजून गेला.

२६ डिसेंबर
हिला फोनवर सांगावंच लागलं.
"पाणी किती कडक हुतं?"
"हात भाजंल एवढं."
"अवं, कडकडीत दुधाला विरजण लावल्यावर दही हुतं का? आतलं विरजणच मारलं की तुमी!"
मग हसली. मंगलला सांगत होती, तुझ्या बापानं गॅस उकडला म्हणून. नंतर मला म्हणाली, "पळसदेवला ताईचा गॅस चालू हाय. तितनं स्लरी आणा, मुरलेलं शेणपाणी, आन टाकीत सोडा."

२८ डिसेंबर
पळसदेवला जाऊन आलो. साडू म्हणाला, "पाव्हणं, विरजणाला माणूस वाटी घिऊन येतो. तुमी पिंप आणलं!" पिंप भरून दिलं मात्र. येताना टेम्पोत सगळी वाट पिंप धरून बसलो, सांडलं तर...

४ जानेवारी
अजून काही नाही. आता पाण्यात कोपर बुडवून बघतो, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं.
हा ड्रम बैलगाडीतून आणला होता. संपत तेव्हा पाळण्यात. आळीतल्या बायका जमल्या. भाकरीला शेणाचा वास येणार म्हणाल्या. आईने तर तोंडाला पदर लावला. हिने भाकरी थापली, शेकली, आणि सगळ्यांच्या देखत ठेच्याशी एकटीने खाल्ली. दुसऱ्या दिवशी शेजारीण पिठाची परात घेऊन दारात.
ही रोज सकाळी ड्रमाला बोटं लावायची. चार बोटं वर असला की भाकरी-कालवण, दोन असला की नुसती भाकरी. त्याआधी उसाच्या पाचटाची चूल, घरभर धूर. मळ्यातून येताना घर दिसायच्या आधी हिचा खोकला ऐकू यायचा. नंतर नाही आला.

९ जानेवारी
ड्रम हलल्यासारखा वाटतो. पण माझी बोटं जाड, हिच्या मापाची नाहीत. काही कळत नाही. विचारावं कुणाला?

११ जानेवारी
पेटला! लगेच विझला.

१३ जानेवारी, भोगी
ही आली. काळा चष्मा. घरात न जाता आधी ड्रमापाशी. बोटं लावली. म्हणाली, "अडीच."
तिळाची बाजरीची भाकरी टाकली. निळा जाळ, हलका आवाज. पहिली टम्म फुगली, ती संपतच्या ताटात.
"ही त्याच्यावरची?"
"मग? तुझ्या सिलेंडरवरची न्हाय."
दुसरी तव्यावर असतानाच जाळ बसला. अर्धी कच्ची राहिली, ती मी खाल्ली. संपतने त्याची पुरी खाल्ली, कडेसकट. एवढ्यात जेसीबीवाल्याचा फोन आला. तो उठून अंगणात गेला, ड्रमाकडे तोंड करून बराच वेळ बोलत होता. काय बोलला ते ऐकू आलं नाही.
हिने तवा उतरवला. म्हणाली, "उद्या शेण जरा जास्त कालवा."